पन्हळीवरच्या माणसाचा विमा

रोहिण्या सरत आल्या की आमच्या बिदर-कलबुर्गी सीमाभागात पत्रेवाल्यांना क्षणाची फुरसत नसते. जनवाडा असो, भालकी असो की आळंद, जो तो मृगाच्या आधी छपराची डागडुजी उरकण्याच्या घाईत असतो. पत्र्याच्या कडेला पन्हळ बसवायची, तिला उतार काढायचा, सांधे बुजवायचे, पाइप जोडून पाणी हौदात किंवा नालीत सोडायचे, असे हे काम. चार-पाच माणसांची टोळी, एक शिडी, एक ड्रिल मशीन, पत्रे वाहणारा एक टेंपो, एवढ्यावर हा धंदा चालतो. टोळीचा मुकादम हाच ठेकेदार, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत आधी शिडीवर चढणारा.

शहरात दुकानाच्या पाटीवर 'रूफ गटर' अशी अक्षरे आता दिसू लागली आहेत. आपल्याकडे गटार म्हटले की रस्त्याकडेची नालीच डोळ्यांपुढे येते. छपराच्या कडेची ती पन्हळ. संस्कृतातील 'प्रणाल' शब्दाचे हे मराठी रूप. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर आणणारी दगडी वाट तीही प्रणालच. नालीदार पत्र्याला आपण 'पन्हळी पत्रा' म्हणतो, तेही याच नात्याने. शब्द जुना आहे, काम जुने आहे, आणि उंचावरून पडण्याची भीतीही तितकीच जुनी आहे. पडणाऱ्याचे नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नाला मात्र वेगवेगळ्या काळांनी वेगवेगळी उत्तरे दिली. ती उत्तरे या लेखात क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा इतिहास आपल्या घरांच्या छपरावरून गेलेला आहे, म्हणून तो आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटले.

माळवदापासून पत्र्यापर्यंत

आमच्या भागातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. भिंती दगडमातीच्या, बिदरच्या पठाराजवळ असतील तर जांभ्या दगडाच्या. वर लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर मातीचा जाड थर. माळवदाला किंचित उतार दिलेला असे आणि कडेला लाकडाची, दगडाची किंवा पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली असे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकायची, ती चोपायची, पन्हळीतला पाला काढायचा, हा घराघरांचा नेम. हे काम घरची माणसे करीत, जड काम असले तर सुतार, गवंडी किंवा वडार येत. माळवद सपाट, त्यावर माणूस चालू शके, रात्री झोपूही शके. पडण्याचा धोका होता, पण तो कडेपुरता.

बिदरला उंच बांधकामाचीही परंपरा आहे. बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून इथे आल्यानंतर किल्ला, महाल आणि १४७२ साली पुरा झालेला महमूद गावानचा मदरसा उभा राहिला. मदरशाचा उरलेला मिनार आजही मान वर करून पाहावा लागतो. इमारतीला नाव महमूद गावानचे आहे. परांचीवर चढणाऱ्याचे नाव इमारतीला लागण्याची रीत कोणत्याच काळात नव्हती.

नालीदार लोखंडी पत्रा ही एकोणिसाव्या शतकातली विलायती वस्तू. लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती निघाली आणि तो गंजेनासा झाला. रेल्वेची ठाणी, गोदामे, जिनिंगचे कारखाने यांच्यावाटे तो आपल्याकडे आला. तरी खेड्यातल्या घरांनी माळवद सहजी सोडले नाही. उन्हाळ्यात माळवदाखाली गारवा, पत्र्याखाली भट्टी, हा हिशेब साधा होता.

हा हिशेब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बदलला. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मातीच्या जाड माळवदाखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. किल्लारी बिदर जिल्ह्याच्या सीमेपासून लांब नाही. त्या धक्क्याने आमच्या गावांतील भिंतींनाही हादरे दिले. त्यानंतर ज्या माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, त्याचीच लोकांना धास्ती वाटू लागली. ज्याला जमले त्याने स्लॅब टाकला, ज्याला जमले नाही त्याने माती उतरवून पत्रा घातला. पुढे स्लॅबवरही गळती आणि ऊन टाळण्यासाठी पत्र्याचे शेड आले. पाण्याची टंचाई वाढली तशी छपरावरचे पाणी साठवण्याची निकड आली आणि पन्हळीला नवे मोल चढले.

म्हणजे छप्पर हलके झाले, घरातील माणूस अधिक सुरक्षित झाला. पण छपरावर चढणाऱ्याचा धोका वाढला. पत्र्याला उतार असतो, तो तापतो, ओला झाला की निसरडा होतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. दहा-बारा फुटांची पन्हळ हातात असताना वाऱ्याचा झोत आला तर माणूस तिच्यासह ओढला जातो. जवळून विजेची तार गेली असेल तर पन्हळीचे टोक तिला लागायला निमिष पुरते. आणि हे सारे मृगाच्या आधी, घाईत.

कल्याणीतील जोखमीचा हिशेब

जोखमीला किंमत असते, ही गोष्ट विलायतेतून आपल्याकडे आली असे अनेकांना वाटते. पण तिचा एक जुना धागा आमच्याच भूमीत आहे. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे १०७६ ते ११२६ या राजवटीत, विज्ञानेश्वराने इथे 'मिताक्षरा' लिहिली. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ही टीका पुढे हिंदू वारसा कायद्याचा आधार ठरली, म्हणून तिचे नाव वकिलांच्या तोंडी आजही असते. त्याच स्मृतीच्या व्यवहार प्रकरणात व्याजाचे नियम आहेत. सामान्य कर्जदारापेक्षा रानावनातून माल नेणाऱ्याने अधिक व्याज द्यावे, शेकडा दहा. समुद्रावर जाणाऱ्याने त्याच्या दुप्पट, शेकडा वीस. वाट जितकी धोक्याची तितका दर चढा. विम्याच्या हप्त्यामागचे तत्त्व याहून वेगळे नाही. माल वाहून नेणाऱ्याच्या हातून तो नष्ट झाला तर त्याने भरून द्यावा, मात्र राजाच्या किंवा दैवाच्या कोपाने गेला तर नाही, असाही नियम तिथे आहे. आजच्या विमापत्रातील अपवादांची यादी वाचताना त्याची आठवण येते.

पुढच्या काळातील 'जोखमी हुंडी' ही याच घराण्यातली. माल गलबतावर चढवून त्या मालावर हुंडी काढायची. गलबत सुखरूप पोचले तर हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाले तर देणे नाही. म्हणजे हुंडी घेणारा सावकार समुद्राची जोखीम आपल्या अंगावर घेई आणि त्याचा मोबदला आधीच कापून घेई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यातील सावकार एका शहरातून दुसऱ्या शहरी जाणाऱ्या मालाचा विमा उतरवीत, याची नोंद जॉन माल्कमने केली आहे.

हे सारे हिशेब मालाचे आणि भांडवलाचे. माणसाच्या जिवाचा विचार राज्याने केला तो मुख्यतः शिपायाच्या बाबतीत. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी 'बालपरवेशी' दिली जाई. जमीन किंवा नेमणूक त्या घराकडे चालू राही. गवंडी, सुतार, वडार यांच्यासाठी तशी नेमणूक नव्हती. बलुतेदार कामावर जायबंदी झाला तर गाव त्याला उपाशी मरू देत नसे, हे खरे. खळ्यावरचा वाटा त्याच्या भावाला, मुलाला मिळे. पण ती गावाची माया होती. मागून घ्यावा असा तो हक्क नव्हता. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवेश्वरांनी कायकाला, म्हणजे श्रमाला, पूजेची प्रतिष्ठा दिली. श्रमाच्या जोखमीला कायद्याची प्रतिष्ठा मिळायला मात्र आणखी सात-आठ शतके जावी लागली.

छपराची उंची मोजणारे कायदे

इंग्रजी अमलात १८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दावा लावता येऊ लागला. पण चूक कोणाची हे शाबीत करणे आले. मजुराच्या विधवेने वकील लावावा, साक्षीदार आणावेत आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा, हे घडणार कधी? वळचणीचे पाणी आढ्याला जाण्यापैकीच ते होते.

हा पेच जर्मनीने प्रथम सोडवला. १८८४ च्या कायद्याने तेथे कामावरील अपघाताचा विमा सक्तीचा झाला आणि त्याचा खर्च मालकवर्गावर पडला. इंग्लंडने १८९७ साली आपला कायदा केला. त्यात चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. पण इमारतीच्या कामाला त्यात एक मजेशीर अट होती. इमारत तीस फुटांपेक्षा उंच हवी आणि दुरुस्तीचे किंवा बांधणीचे काम परांची बांधून चाललेले हवे. म्हणजे पंचवीस फुटांवरून पडलेल्या पन्हळवाल्याला त्या कायद्याने काहीच दिले नसते. ही अट पुढे टिकली नाही.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कोणकोणत्या कामांना तो लागू आहे याची एक लांबलचक यादी कायद्याला जोडलेली होती आणि ती वेळोवेळी सुधारत गेली. सुधारलेल्या यादीत इमारतीच्या बांधकामाचे, दुरुस्तीचे कलम असे आहे: एका मजल्यापेक्षा उंच इमारत, किंवा जमिनीपासून छपराच्या शेंड्यापर्यंत बारा फूट अथवा अधिक उंची असलेली इमारत. इंग्लंडच्या तीस फुटांवरून ही पट्टी आपल्याकडे बारा फुटांवर आली. आमच्या गावातील साध्या पत्र्याच्या घराचे आढेही कित्येकदा बारा फुटांवर असते. पन्हळ बसवणारा मजूर अशा रीतीने कायद्याच्या छत्राखाली आला.

अर्थात हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. बिदर, गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते राज्य भारतात आले आणि पुढे केंद्राचे कायदे या भागाला लागू होत गेले. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या नावात 'कामगारा'ऐवजी 'कर्मचारी' आला, आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा गाभा घेण्यात आला.

नोकराला विमा मिळाला, मजूर राहिला

विम्याच्या बाबतीत आमचा सीमाभाग दोन घरचा पाहुणा ठरला आहे. म्हैसूर संस्थानाने १८९१ साली आपल्या नोकरांसाठी सरकारी विमा सुरू केला. निजाम सरकारने १९०७ साली तशीच योजना काढली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदरचे तालुके मुंबई राज्यात गेले, बिदर आणि गुलबर्ग्याचा मोठा भाग म्हैसूरकडे आला. तेव्हापासून आमच्या भागातील सरकारी नोकर निजामी विम्याच्या छायेतून म्हैसुरी विम्याच्या छायेत आला. आजही कर्नाटकातील कायम नोकराच्या पगारातून सरकारी विमा खात्याचा हप्ता परस्पर कापला जातो. आमचाही जातो. दर महिन्याच्या पगारपत्रकावर ती ओळ असते आणि आम्ही ती वाचतही नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

मराठी मुलखातही विम्याने मूळ धरले होते. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. पांढरपेशा घरांतून आयुर्विमा ही शहाणपणाची खूण झाली. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला, हे सीमाभागातील आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. पुढे १ जानेवारी १९७३ पासून आग, अपघात, मालवाहतूक यांचा साधारण विमाही सरकारी झाला आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या.

एवढी व्यवस्था उभी राहिली, पण पन्हळवाल्यापर्यंत ती पोचली कशी? त्याच्या टेंपोपर्यंत नीट पोचली. मोटार कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. कागद नसले तर वाटेत गाडी अडते. सरकारी कामांपर्यंतही पोचली. आम्ही स्थापत्याची पदविका घेऊन बांधकामाच्या कागदांत वावरतो. मोठ्या कामाच्या निविदेत विम्याचे कलम ठरलेले असते. ठेकेदाराने विमापत्र दाखवल्याशिवाय काम सुरू होत नाही. पण गावातील दुकान, गोदाम, मंगल कार्यालय किंवा घर यांच्या पन्हळीला निविदा नसते. तिथे तोंडी दर ठरतो, विसार दिला जातो आणि शिडी लागते. टेंपोला विमा, टेंपोतल्या माणसांना नाही, असा हा प्रकार. याज्ञवल्क्याच्या काळी मालाची जोखीम मोजली जात होती, माणसाची नव्हती. आमच्या गल्लीत अजून तेच चालू आहे.

एका गोदामाची गोष्ट

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका गावी गोदामाला पन्हळ बसवण्याचे काम चालले होते. सिमेंटचा पत्रा फुटून तिशीतला एक मजूर खाली पडला आणि गेला. ठेकेदार त्याच्याच ओळखीतला, पापभीरू. पंच बसले, तीन लाख ठरले. त्याने टेंपो विकून पैसे दिले, मुद्रांकावर 'आता काही देणे राहिले नाही' असे लिहून घेतले. सर्वांना वाटले, माणुसकीने मिटले.

कायदा असे म्हणत नाही. मृत्यूची भरपाई त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरच्यांना परस्पर दिलेली रक्कम, थोडीशी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. हा नियम विधवेच्या पैशाला दुसरे पाय फुटू नयेत म्हणून आहे. भरपाईचा हिशेबही ठरलेला आहे. महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा १५,००० रुपये झाली. तिशीच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. महिन्यात पैसे भरले नाहीत तर शेकडा बारा व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

विधवेच्या भावाने पुढे अर्ज केला आणि तो त्याचा हक्कच होता. हुकूम झाला, पण वसूल कोठून होणार? टेंपो गेलेला, प्लॉट गहाण. ठेकेदार आज दुसऱ्याच्या टोळीत मजुरी करतो. त्या बाईच्या हातात हुकुमाचा कागद आहे आणि पंचांचे तीन लाख केव्हाच सरले आहेत. यात कोणी लबाडी केली नाही. एका विमापत्राअभावी दोन घरे बसली.

कोणता विमा काय झेलतो

पत्रेवाल्याच्या धंद्याला एकाच विम्याने भागत नाही, म्हणून थोडे फोड करून सांगतो.

पहिला, कर्मचारी नुकसानभरपाईचा विमा. मजुराच्या मृत्यूची, अपंगत्वाची कायदेशीर भरपाई यातून निघते. हप्ता ठरतो तो वर्षभरात द्यायची मजुरी आणि कामाची जोखीम यांवर. इथे पुष्कळांचा पाय घसरतो. हप्ता वाचावा म्हणून माणसे कमी दाखवतात, मजुरी कमी दाखवतात, कामाची उंची लपवतात. मग अपघाताच्या दिवशी विमापत्र असूनही तोकडे पडते. दंडाची रक्कम विमा कंपनीने देण्याची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे. म्हणून अपघात घडताच कळवणे महत्त्वाचे. मोठा ठेकेदार आपल्या इमारतीच्या कामातील पन्हळीचा भाग पोट-ठेकेदाराला देतो, तेव्हा पोट-ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मोठ्या ठेकेदाराकडूनही मागता येते. 'माणूस माझा नव्हता' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा, त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा. पन्हळ निसटून रस्त्यावरील माणसाला लागली, ड्रिल पडून कोणाच्या मोटारीची काच फुटली, अशा वेळी तो कामी येतो. मात्र काम वाईट झाले म्हणून पुन्हा करून देण्याचा खर्च सहसा यात बसत नाही. सांधा गळका ठेवला तर तो पदरच्या पैशानेच बुजवायचा.

तिसरा, चालू कामाचा, म्हणजे अर्धे काम वादळाने उडाले, आणलेले पत्रे वाकले, अशा नुकसानीचा विमा. हा मोठ्या कामाला लागतो.

चौथा, स्वतःचा. ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. कर्मचाऱ्यांचा विमा कर्मचाऱ्यांसाठी असतो. शिडीवर सर्वांत आधी चढणारा ठेकेदार स्वतः त्यात नसतो. त्याला निराळा अपघात विमा हवा. २०१५ साली सुरू झालेली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देते. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते, एवढेच लागते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणजे मृगाच्या ऐन आठवडाभर आधी. खात्यात त्या वेळी वीस रुपये शिल्लक नसतील तर विमा नाही. दोन लाखांनी घर उभे राहत नाही, पण पहिले काही महिने निभावतात.

यांखेरीज १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक उपकर घेतला जातो आणि तो कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जातो. कर्नाटकातही असे मंडळ आहे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेला, अठरा ते साठ वयाचा मजूर त्यात नाव नोंदवू शकतो. चार माणसांच्या टोळीचा मालक त्या कायद्याच्या सर्व कलमांत बसत नाही, पण त्याचे मजूर नोंदणी करू शकतात.

आपल्या हातात काय आहे

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही ठेकेदारांची गोष्ट, आपण तर घरमालक. पण शिडी लागते ती आपल्याच भिंतीला. आपण पन्हळवाल्याला विचारतो: फुटाला काय दर, पत्रा कोणत्या जाडीचा, किती वर्षे टिकेल. याच तीन प्रश्नांना चौथा जोडावा: तुझ्या माणसांचा विमा आहे का? आणि 'आहे' म्हणणाऱ्याचा दर थोडा चढा असेल तर त्यावर घासाघीस करू नये. विमा उतरवणारा ठेकेदार न उतरवणाऱ्यापुढे नेहमी महाग दिसतो, आणि आपण स्वस्ताला काम देत गेलो तर शहाणपणाने वागणाराच धंद्यातून बाहेर पडतो. दर ठरवणारे आपण आहोत, म्हणून या जोखमीचे भागीदारही आपण आहोत. काम मृगाच्या तोंडावर न देता चैत्रात दिले, तरी अर्धी घाई आणि तिच्यासोबतचा धोका टळतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या भागातील पुष्कळ पत्रेवाले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड आणि दखनी बोलतात, आणि विमापत्र येते इंग्रजीत. अटी न वाचताच सही होते. आपल्या समाजात बँकेतून, शाळांतून, कचेऱ्यांतून निवृत्त झालेली माणसे आहेत. वैशाखात एखाद्या रविवारी दोन तास बसून चार ठेकेदारांची विमापत्रे त्यांना समजावून दिली, किती माणसे आणि किती मजुरी लिहिली आहे हे पाहून दिले, तर कोणत्याही व्याख्यानमालेइतकेच ते पुण्याचे ठरेल.

गणेशोत्सवाने ही वाट आधीच दाखवली आहे. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जी.एस.बी. सेवा मंडळाने २०२३ साली आपल्या उत्सवाचा सुमारे ३६० कोटी रुपयांचा विमा उतरवला. वर्तमानपत्रांनी गणपतीच्या सोन्याचांदीची चर्चा केली, पण त्या रकमेतील सर्वांत मोठा वाटा दागिन्यांचा नव्हता. तो स्वयंसेवक, पुजारी, आचारी, पहारेकरी अशा माणसांच्या अपघात विम्याचा होता. देवाच्या दारात आधी माणूस मोजला गेला.

आपला मंडप लहान आहे, आपले आकडेही लहान असतील. तरी मंडपाच्या पत्र्यावर चढून माळा बांधणारी मुले आपलीच आहेत, आणि पत्रे ठोकणारा मंडपवाला ओळखीचा आहे. पुढच्या वर्षी मंडपाचा खर्च मंजूर करताना त्या यादीत विम्याची एक ओळ घालावी, अशी आमची समाजाच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.